बाबांचा जुना स्टार्ट मेनू परत आणताना

नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ पाहून बाबा म्हणाले, "स्टार्ट मधोमध कशाला आणून ठेवलंय?" त्यांचा हात सवयीने डाव्या कोपऱ्यातच जातो.

ते आधी केलं. टास्कबारच्या रिकाम्या जागी राइट क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, खाली टास्कबार बिहेवियर्स, अलाइनमेंट 'लेफ्ट'. संपलं.

जुन्या मेनूसाठी मात्र ओपन-शेल नावाचं सॉफ्टवेअर लागतं. फुकट आहे, २०१७ मध्ये थांबलेल्या क्लासिक शेल या सॉफ्टवेअरचाच पुढचा अवतार. गिटहब या सॉफ्टवेअरच्या साइटवरच्या त्याच्या पानावरूनच उतरवून घ्या, भलत्या साइटवरून नको. इन्स्टॉल करताना क्लासिक एक्सप्लोरर आणि क्लासिक आयई हे जोडभाग काढून टाका. आपल्याला फक्त मेनू हवाय. मग तीन शैली दिसतात : एका रकान्याची क्लासिक, दोन रकान्यांची, आणि विंडोज ७ ची. मी हौसेने पहिली लावली, तर बाबा म्हणाले, "एवढं जुनंही नको!" विंडोज ७ ची लावली, तेव्हा कुठे चेहरा खुलला.

विंडोज ११ चा नवा मेनू कधी लागलाच तर शिफ्ट दाबून स्टार्टवर क्लिक करा. फाइलवरचा जुना राइट क्लिक मेनूही शिफ्ट धरून राइट क्लिक केलं की येतो. बाबांसाठी हे दोन्ही मी कागदावर लिहून स्क्रीनखाली चिकटवलंय.