ट्रॅफिकमध्ये तापते, हायवेला थंड: क्लच फॅन असा तपासा

घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर गाडी रांगेत अडकली की टेम्परेचरचा काटा चढायला लागतो आणि एसी कोमट हवा फेकतो. तीच गाडी पाम बीच रोडला मोकळी पळाली की काटा गपचूप खाली येतो. असं होत असेल तर रेडिएटर उतरवण्याआधी क्लच फॅन, म्हणजे रेडिएटर तापला तरच जोरात फिरणारा इंजिनाचा पंखा, बघा. धावत्या गाडीला समोरून वारा मिळतो. उभ्या गाडीची सगळी मदार पंख्यावर. उलट हायवेलाच गाडी तापत असेल, तर दोष बहुधा कूलंट, थर्मोस्टॅट किंवा आतून चोंदलेल्या रेडिएटरचा असतो.

हे सगळं वॉटर पंपावर बसवलेल्या, पट्ट्यावर फिरणाऱ्या पंख्यासाठी: जुनी डिझेल इनोव्हा, स्कॉर्पिओ, टेम्पो, ट्रक. छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक पंखा असतो, तिथे फ्यूज, रिले आणि सेन्सर तपासायचे.

पंख्याच्या मध्यावरच्या क्लचच्या (हा गिअरचा क्लच नव्हे) डब्यात घट्ट सिलिकॉन ऑइल असतं आणि तोंडावर दोन धातूंची स्प्रिंग किंवा पट्टी. रेडिएटरमधून आलेली हवा तापली की स्प्रिंग वळते, आतला व्हॉल्व्ह उघडतो, ऑइल खाचांच्या प्लेटांमध्ये शिरतं आणि पंखा पकड घेतो. हवा थंड झाली की ऑइल परत जातं आणि पंखा घसरत, आरामात फिरतो. म्हणजे स्प्रिंगला रेडिएटरमधल्या पाण्याची (कूलंटची) उष्णता कळत नाही, फक्त हवेची कळते. तुर्भे-महापेच्या धुळीत फिरणाऱ्या गाडीत एसी कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढे बसणारी एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामध्ये मातीचा थर बसतो. मग गरम हवा स्प्रिंगपर्यंत पोचतच नाही आणि चांगला क्लचही झोपून राहतो. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर तुटलं असेल किंवा कोणी काढून ठेवलं असेल, तरी हवा खेचली जात नाही. या दोन गोष्टी आधी निस्तरा, नाहीतर नवा क्लच घालूनही गाडी तापेल.

आता तपासणी. सकाळी इंजिन थंड असताना, किल्ली काढून, पंखा हाताने ढकला. मधात चमचा फिरवल्यासारखा जडपणा लागला पाहिजे आणि एक-दोन फेऱ्यांत पंखा थांबला पाहिजे. चार-पाच फेऱ्या भिरभिरत राहिला तर ऑइल गेलं समजा. अजिबात हलत नसेल किंवा करकरत असेल तर क्लच जॅम आहे नाहीतर बेअरिंग गेलं आहे. मग पात्याचं टोक पुढे-मागे हलवा. टोकाशी साधारण ६ मिमीपर्यंतचा खेळ चालतो, त्यापुढे नाही. टॉर्च मारून क्लचचा चेहरा बघा. मध्यापासून कडेकडे पसरलेले तेलकट, धूळ चिकटलेले काळे पट्टे दिसले तर आतलं ऑइल बाहेर येतंय. स्प्रिंगवर चिखल वाळला असेल तर तो ब्रशने हलक्या हाताने काढा.

पहिल्या स्टार्टला पंख्याचा घोंगाट आला तर घाबरू नका. रात्रभरात ऑइल प्लेटांमध्ये उतरलेलं असतं. मिनिटभरात आवाज बसतो. तो दिवसभर बसलाच नाही, पिकअप जड वाटलं, ॲव्हरेज घटलं आणि थंड इंजिन तापायला वेळ लागला, तर क्लच पकडलेल्या अवस्थेत अडकला आहे.

गरम चाचणी उघड्या जागेत करा. ओढणी, गळ्यातलं आयकार्ड, सैल बाही दूर ठेवा आणि पंख्याच्या पात्यांच्या रेषेत उभं राहू नका. एसी लावा, गाडीच्या तोंडावरच्या जाळीचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाका, आरपीएम २००० वर धरा आणि नजर काट्यावर ठेवा. काटा नेहमीच्या जागेच्या थोडा वर गेला की वाऱ्याचा आवाज एकदम वाढला पाहिजे. आवाज न बदलता काटा वर सरकत राहिला तर पुठ्ठा लगेच काढा, निकाल मिळाला: क्लच पकडत नाही. आवाज आला असेल तर त्याच वेळी इंजिन बंद करून बघा: पंखा फार तर एक-दोन फेऱ्यांत थांबायला हवा. गुंडाळलेला पेपर पात्यात घालून पंखा थांबवायची जुनी युक्ती मात्र करू नका. पातं तुटलं तर थेट तोंडावर येतं.

क्लच जॅम करून किंवा वेल्डिंग मारून ‘कायमचा इलाज’ सुचवणारे भेटतील. त्याने शहरात गाडी थंड राहीलही, पण एक्सप्रेस वेच्या आरपीएमला पात्यांवर आणि वॉटर पंपाच्या बेअरिंगवर जो ताण येतो, त्याचं बिल क्लचपेक्षा मोठं असतं.

बदलताना क्लच पंपाला धरून ठेवणाऱ्या मोठ्या नटाचे आटे आधी बघा. बऱ्याच गाड्यांत ते उलटे असतात आणि सरळ समजून जोर लावला की पंप खराब होऊ शकतो. पुली धरून ठेवायला वेगळा पाना लागतो. पंखा निघाला आहे तोवर वॉटर पंपाची पुली हलवून बघा. खेळ असेल तर पंपही आताच बदला. नवा क्लच आडवा टाकून ठेवू नका, ऑइल बेअरिंगकडे उतरतं. गाडीत बसतो तसाच उभा ठेवा. पंखा काढण्याआधी त्याच्या पुढच्या बाजूवर मार्करने खूण करून ठेवा, कारण उलटा बसलेला पंखा फिरतो झकास, पण हवा पुरेशी खेचत नाही.