पिकअपच्या गिअरबॉक्सचा ताप: कॅम्पर ओढणाऱ्यांसाठी

उन्हाळा लागला की इथल्या, अमेरिकेतल्या डेन्व्हरमधल्या, ओळखीच्या लोकांचे फोन सुरू होतात. कॅम्पर (पिकअपमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतलाय, आता ट्रकला काय काय करून घ्यावं लागेल? बहुतेकांना उत्तर म्हणून गिअरबॉक्सचं ऑईल थंड करणारा एखादा मोठा कूलर किंवा महागडं ऑईल हवं असतं, म्हणजे पैसे मोजले की विषय संपला. माझं उत्तर स्वस्त आहे आणि थोडं कंटाळवाणं. गिअरबॉक्सच्या ऑईलचं तापमान आकड्यात दिसेल अशी सोय करा आणि तो आकडा कशाने चढतो हे समजून घ्या. मग खरेदीचं बघू.

माझा ट्रक २०१५ चा फोर्ड एफ-१५०. साडेतीन लिटरचं टर्बोवालं इकोबूस्ट इंजिन आणि ६आर८० हा सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. हा गिअरबॉक्स मुळात झेडएफ या जर्मन कंपनीच्या ६एचपी२६ वर बेतलेला आहे. मागे सुमारे साडेपाच हजार पौंडांचा कॅम्पर. माणसं, पाणी, सायकली धरून सगळं मिळून पाच टनांच्या वर जातं. खाली दिलेले आकडे या ट्रकचे आहेत. तुमचा ट्रक वेगळा असेल तर आकडे तुमच्या मॅन्युअलमधून घ्या. उष्णतेचं गणित मात्र सगळीकडे तेच.

आधी आकडा

माझ्या डॅशबोर्डवर गिअरबॉक्सच्या तापमानाचा काटा आहे, पण त्यावर आकडे नाहीत. असे काटे बऱ्याच मोठ्या पट्ट्यात मधोमध स्थिर राहतील असेच बसवलेले असतात. काटा हलायला लागेपर्यंत घाट निम्मा चढून झालेला असतो. म्हणून स्टिअरिंगखालच्या ओबीडी (गाडीची तपासणी करायच्या) सॉकेटमध्ये एक छोटा ब्लूटूथ अडॅप्टर लावायचा आणि फोनवर फोरस्कॅन लाइट किंवा तसंच एखादं ॲप घ्यायचं. त्यात ट्रान्समिशन फ्लुइड टेम्परेचर निवडलं की झालं. फोन नजरेच्या रेषेत ठेवा, मांडीवर नको. इचलकरंजीहून आलेला माझा भाऊ पहिल्यांदा शेजारी बसला तेव्हा म्हणाला, "काय गं ताई, हे आकडे बघत बसलीस तर रस्ता कोण बघणार?" तेव्हापासून शेजारी बसेल त्याने आकडा वाचून सांगायचा, असा आमच्याकडे नियम आहे.

आकडा दिसायला लागला की पहिली भीती ठरलेली असते: रिकामा ट्रक सपाट रस्त्यावर, तरी १९५ ते २०५ अंश फॅरनहाइट! घाबरू नका. या गिअरबॉक्सच्या ऑईलच्या वाटेत एक थर्मोस्टॅटिक झडप आहे. ऑईल पुरेसं तापेपर्यंत ती ते कूलरकडे पूर्ण सोडतच नाही. खुद्द फोर्ड ऑईलची पातळी तपासायला सांगते तीच २०६ ते २१५ अंशांना, म्हणजे साधारण ९६ ते १०१ सेल्सिअसला. कंपनीच्या लेखी हे चालू तापमान आहे. ही झडप बदलून ऑईल १७० च्या आसपास ठेवणारे भाग बाजारात मिळतात. दर शनिवारी डोंगर चढणाऱ्याला त्याने थोडी सवड मिळते, हे खरं. पण वर्षातून चार वेळा कॅम्पर काढणाऱ्याने त्यात पैसे घालू नयेत असं माझं मत आहे. शिवाय इथल्या हिवाळ्यात ऑईल लवकर गरम व्हावं हीच गरज असते. थंड, जाड ऑईलवर गिअर उशिरा आणि हिसक्याने पडतात.

कॅम्पर मागे असताना माझ्या मर्यादा अशा आहेत. २२० पर्यंत मी काही करत नाही. २३० दिसले की वेग आणि गिअर बदलते. २४० ला थांबायची जागा शोधते. २५० म्हणजे १२१ सेल्सिअस, आणि तिथे रबरी सील आणि क्लचचं अस्तर यांची मला काळजी वाटते. ऑईल दर दहा अंश सेल्सिअसला साधारण दुप्पट वेगाने खराब होतं हा जुना ठोकताळा आहे. तो काटेकोर नाही, पण २४० वर घालवलेला अर्धा तास स्वस्तात पडत नाही एवढं त्यावरून कळतं.

ताप येतो कुठून

मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरमधून. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये हा ऑईलने भरलेला भोपळा असतो. एका बाजूचं पातं ऑईल फेकतं, दुसऱ्या बाजूचं ते झेलून फिरतं. दोन्हींच्या वेगात जितका फरक, तितकं ऑईल नुसतं घुसळलं जातं आणि तापतं. वेग जुळला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू एकमेकींना बांधतो. मग घुसळण थांबते आणि ताप जवळजवळ उरत नाही.

माझा ट्रक कॅम्परसह सात टक्के चढावर ताशी ५० मैलांनी जातो तेव्हा हवेचा विरोध धरून सव्वाशे किलोवॉटच्या आसपास ताकद लागते. समजा कन्व्हर्टर सुटलेला आहे आणि त्यातली दहा टक्के घुसळण्यात गेली, तर बारा किलोवॉट उष्णता झाली. बाथरूममधले दोन किलोवॉटचे सहा गीझर बारा-तेरा लिटर ऑईलमध्ये बुडवून चालू ठेवल्यासारखं आहे ते.

लॉक-अप लागलाय की नाही हे कळण्याची सोपी रीत: त्याच गिअरमध्ये ॲक्सिलरेटरचं पेडल किंचित दाबा. इंजिनच्या फेऱ्या दोन-तीनशेने उसळल्या आणि वेग तसाच राहिला, तर कन्व्हर्टर सुटलेला आहे. फेऱ्या आणि वेग हातात हात घालून वाढले तर बांधलेला आहे.

सिल्व्हरथॉर्न ते बोगदा

डेन्व्हरकडे परतताना आय-७० महामार्गावर सिल्व्हरथॉर्न गाव सोडलं की आयझेनहॉवर बोगद्याचा चढ लागतो. आठ मैलांच्या आसपास लांबी, सात टक्क्यांपर्यंत चढ, सुरुवात नऊ हजार फुटांवर आणि बोगद्याचं पश्चिम तोंड ११,१५८ फुटांवर. एवढ्या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा तीसेक टक्के विरळ असते. टर्बोमुळे इंजिनाला ते फारसं जाणवत नाही. पण कूलरमधून जाणारी हवाही तितकीच विरळ असते आणि तिथे टर्बो कामाला येत नाही. घाटात इंजिन झकास ओढतंय म्हणजे सगळं ठीक आहे, असं म्हणून चालत नाही ते यामुळे.

चढ लागायच्या आधीच गिअरच्या दांड्याच्या टोकाचं टो/हॉल (ओझं ओढतानाच्या गिअरबदलाचं) बटण दाबा, चढावर अडकल्यावर नव्हे. मग वेग ठरवा. मी उजव्या लेनमध्ये, धोक्याचे दिवे लावून चाललेल्या मालट्रकांच्या मागे, ५० च्या आसपास राहते. ट्रक स्वतः चौथा गिअर धरून ठेवू बघतो. चौथ्यात ५० मैलांवर इंजिन मिनिटाला २,१०० फेऱ्यांवर रखडतं, मग तो तिसरा टाकतो, पुन्हा चौथा, पुन्हा तिसरा. या प्रत्येक अदलाबदलीत लॉक-अप सुटतो. अशी धरसोड सुरू झाली की दांड्यावरच्या वजा बटणाने वरचे गिअर बंद करा आणि तिसऱ्यात राहा. माझ्या ३.५५ गुणोत्तराच्या ॲक्सलवर तेव्हा २,८०० फेऱ्या पडतात. आवाज मोठा वाटतो, शेजारचा दचकतो. पण जास्त फेऱ्यांवर गिअरबॉक्सचा पंप ऑईल जास्त फिरवतो, पाण्याचा पंपही जोरात चालतो आणि लॉक-अप लागून राहतो. आवाज वाढतो तेव्हाच आकडा खाली यायला लागतो. फोनवर हे एकदा बघितलं की इंजिनच्या आवाजाची भीती जाते.

पेडल पूर्ण दाबून ६५ ने चढायचा मोह टाळा. त्या आठ मैलांत वाचतात दोन-अडीच मिनिटं.

तरीही २४० झालेच तर रुंद जागा बघून बाजूला घ्या आणि इंजिन बंद करू नका. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, मग तापलेलं ऑईल जिथल्या तिथे बसून राहतं. पार्कमध्ये टाकून पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, एसी बंद. आकडा उतरताना दिसतो. (जुन्या डॉज पिकअपवाल्यांनी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. क्रायस्लरच्या कित्येक जुन्या गिअरबॉक्समध्ये पार्कमध्ये ऑईल कूलरकडे जातच नाही.)

उताराबद्दल फार लिहीत नाही. टो/हॉल चालू ठेवा आणि चढलात त्याच गिअरने उतरा. उलट दिशेने, बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना ब्रेक गेलेल्या ट्रकांना थांबवायला वेगळे फाटे केलेत, त्यावरून काय ते समजा.

घाटापेक्षा वाईट जागा

कॅम्पग्राउंड. खरंच. खडीच्या चढत्या जागेत कॅम्पर मागे ढकलताना वेग जवळजवळ शून्य असतो, कन्व्हर्टर पूर्ण सुटलेला असतो आणि समोरून वारा नसतो. मागून नवरा हातवारे करतो, त्यातले निम्मे परस्परविरोधी. दहा मिनिटं पुढे-मागे झालं की घाटात न दिसलेला आकडा इथे दिसतो. फोर बाय फोर असेल तर खडीवर किंवा मातीवर ४-लो (चारही चाकांना ताकद देणारा सावकाश गिअर) टाका. कन्व्हर्टरवरचा ताण एकदम कमी होतो आणि ट्रक मुंगीच्या पावलाने हलवता येतो. डांबरी किंवा काँक्रीटच्या जागेवर, विशेषतः चाकं वळवलेली असताना, ४-लो नको. तिथे पुढची-मागची चाकं एकमेकांशी झगडतात.

ऑईल

या गिअरबॉक्सला मर्कॉन एलव्ही या प्रकारचं ऑईल लागतं. जुनं मर्कॉन व्ही चालत नाही, आणि दहा गिअरच्या नव्या ट्रकांचं मर्कॉन यूएलव्हीही चालत नाही. दुकानात तिन्ही शेजारी ठेवलेली असतात, तेव्हा बाटलीवरची अक्षरं नीट वाचा. साध्या वापरात फोर्ड दीड लाख मैलांची मुदत देते. ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी त्याच मॅन्युअलमध्ये ३०,००० मैल लिहिलंय, पण ते पान वेगळं आहे आणि बरेच जण तिथवर पोचत नाहीत.

पातळी बघायची पट्टी बॉनेटखाली नाही. गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला, एक्झॉस्टच्या शेजारी, भरण्याच्या बुचालाच छोटी पट्टी जोडलेली आहे. ट्रक सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे. ऑईल २०६ ते २१५ अंशांवर आणा, ब्रेक दाबून दांडा सगळ्या गिअरमधून सावकाश फिरवा, पार्कमध्ये ठेवा आणि इंजिन चालू ठेवूनच खाली सरका. जाड हातमोजे घाला, एक्झॉस्ट भाजतो. थंड असताना पातळी बघून ऑईल ओतलं तर ते गरम होऊन फुगतं आणि पातळी वर जाते.

ऑईल पट्टीवर आलं की रंग बघा, पण वास आधी घ्या. माझ्या वडिलांचं इचलकरंजीत यंत्रमागांच्या दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. कुठल्याही गिअरबॉक्सचं झाकण उघडलं की ते पहिल्यांदा नाक पुढे करायचे. लाल रंग काळपट होत जातो, त्याचं फार काही नाही. जळका, नाकात चढणारा वास आणि सोबत गिअर पडताना थरथर, म्हणजे ट्रक जाणकाराकडे न्यायची वेळ आली.

ऑईल बदलताना गिअरबॉक्सच्या तळाचा पॅन काढायचा. खाली ऑईल सोडायचं बूच नाही, त्यामुळे पसारा होतोच. मोठी परात ठेवा आणि एका कोपऱ्याचे बोल्ट शेवटी सोडा. पॅनमधल्या चुंबकांवर राखाडी, लोण्यासारखा गाळ असणं नेहमीचं आहे. टोचणारा लोखंडाचा कीस असेल तर तिथेच थांबा. फिल्टर ओढून काढल्यावर त्याची रबरी सील वर भोकात अडकून राहिली नाही ना, ते बोटाने चाचपा. ती राहिली आणि नवा फिल्टर तसाच दाबला, तर पंप हवा ओढतो. पॅनचं गॅस्केट फाटलं-दबलं नसेल तर पुन्हा चालतं.

निघालेलं ऑईल खुणा असलेल्या कॅनमध्ये मोजा आणि तितकंच हातपंपाने बुचाच्या भोकातून भरा. सगळं मिळून तेरा क्वार्टच्या (बारा-तेरा लिटरच्या) आसपास मावतं, पण पॅन काढून त्यातलं निम्मंच निघतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांमध्ये राहतं. म्हणून मी काही शे मैलांनी पुन्हा एकदा तसंच करते. मशीन लावून दाबाने फ्लश करून घेण्यापेक्षा मला हे बरं वाटतं. त्या निमित्ताने पॅनमध्ये डोकावता येतं. जुनं ऑईल झाकणबंद कॅनमध्ये ऑटोझोनसारख्या दुकानात नेऊन द्या, ते फुकट घेतात.

पुढच्या जाळीमागचा कूलरही बघा. जूनमध्ये इथे कॉटनवुडच्या झाडांचा कापूस उडतो आणि पत्र्यांमध्ये नमद्यासारखा बसतो. बागेच्या नळीने, धार मंद ठेवून, शक्य तिथे मागून पुढे धुवा. प्रेशर वॉशरने नको, पत्रे दुमडतात.

आणि ऑईल बदलल्यावर पहिल्या फेरीनंतर खाली पुठ्ठा टाकून ठेवा. लाल थेंब पॅनच्या कडेला असेल तर बोल्ट पाहा. तो गिअरबॉक्सच्या बाजूला विजेच्या जोडणीखाली दिसला तर तिथली प्लॅस्टिकची बाही आणि तिच्या रबरी कड्या बघा. या गिअरबॉक्समध्ये गळतीची ती ठरलेली जागा आहे. भाग स्वस्त आहे आणि पॅन काढलेला असतानाच बदलून टाकला तर दुसऱ्यांदा ऑईल सांडावं लागत नाही.