टेक्ससच्या पिस्तूल परवान्याची नेमबाजी परीक्षा: निघण्याआधी पिशवीत काय हवं

मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरून पिस्तुलात सरकवायची डबी. आधी हे लिहून घ्या, मग पुढचं वाचा.

गेल्या खेपेस मी पिस्तूल नेलं, गोळ्या नेल्या, पाण्याची बाटली नेली, डब्यात थालीपीठसुद्धा नेलं. मॅगझिन मात्र स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर, साबुदाण्याच्या डब्यामागे. घरात लहान मूल, म्हणून मीच तिथं लपवलेली. नेमबाजीच्या रेंजवर केस उघडली तर स्पंजमध्ये पिस्तूल, आणि शेजारी मॅगझिनच्या आकाराचे दोन रिकामे खड्डे. तिथल्या दुकानात माझ्या मॉडेलची नव्हती. फी बुडाली, शनिवार बुडाला.

मुळात परीक्षा द्यायचीच कशाला, असं आमचे साडू विचारतात. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्ससमध्ये २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगता येतं, हे खरं. पण गाडी राज्याबाहेर काढली की परवाना कामाला येतो. एच-वनवाल्यांनी मात्र या फंदात पडू नये. तात्पुरत्या व्हिसावर बंदूक बाळगणं, थोडे अपवाद सोडले तर, केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे.

परीक्षा ५० गोळ्यांची. ३ यार्डांवरून २०, ७ वरून २०, १५ वरून १०. यार्ड म्हणजे आपला वार, तेव्हा पहिलं अंतर नऊवारीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं! टार्गेट बी-२७, म्हणजे माणसाची काळी आकृती. आठच्या वर्तुळात किंवा त्याच्या आत ५ गुण, सातच्या पट्ट्यात ४, उरलेल्या काळ्यात कुठेही ३. एकूण २५०, पास व्हायला १७५. आता हिशोब करा: पहिल्या ४० नीट लागल्या तर २०० होतात, शेवटच्या दहा वाया गेल्या तरी पास. लोक १५ यार्डांच्या धास्तीने झोप घालवतात आणि गुण सांडतात ३ यार्डांवर. तिथं एक गोळी २ सेकंदांत, असं पाच वेळा. मग दोन गोळ्या ३ सेकंदांत, पाच वेळा. मग पाच गोळ्या १० सेकंदांत. पिस्तूल आधीच हातात असतं, होल्स्टरमधून, म्हणजे कमरेच्या म्यानातून, काढायचं नाही. त्यामुळे दोन सेकंद पुरतात. घाईने चाप हिसकलात की उजव्या हाताची गोळी हमखास खाली डावीकडे जाते. नजर पुढच्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या उंचवट्यावर, टार्गेट धूसर दिसू द्या. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर माशी काचेच्या कुठल्या भागातून स्पष्ट दिसते ते आधीच पाहून ठेवा. मी त्या दिवशी कोंबडीसारखी मान वरखाली करत होतो.

तर मॅगझिन. एक नव्हे, दोन. पाच-पाच गोळ्या भरत राहायच्या असतात. एकच असेल तर तुम्ही थरथरत्या अंगठ्याने भरत बसता आणि अख्खी रांग तुमच्या तोंडाकडे बघते. नव्या मॅगझिनची स्प्रिंग कडक असते, शेवटची गोळी दाबताना नख दुखतं. घरी आठवडाभर भरा-काढा करा, पिस्तुलापासून लांब बसून. आणि भरा-काढा झाली की ती परत फळीवर नको, केसमध्ये. त्या खड्ड्यांत. दोन्ही.

गोळ्या ५० मोजून नेऊ नका, दोन खोकी न्या. एखादी फुसकी निघतेच. पोलादी असतील तर बऱ्याच इनडोअर रेंजवर लोहचुंबक लावून परत करतात. कानांना, डोळ्यांना संरक्षण: सांगायला नको. गळाबंद टी-शर्ट मात्र घालाच. गोळीची तापलेली पुंगळी गळ्यातून आत गेली की माणूस नाचतो, आणि हातात भरलेलं पिस्तूल असतं. नेम धरेपर्यंत बोट चापावर नको. यात चुकलात तर गुण मोजायची वेळच येणार नाही, बाहेर काढतील.

ड्रायव्हिंग लायसन्स. वर्ग ऑनलाइन केला असेल तर त्याचं सर्टिफिकेट. लेखी सोपी आहे, पास व्हायला ७० टक्के. नंतर अर्ज, बोटांचे ठसे, ४० डॉलर फी, सगळं डीपीएसच्या, म्हणजे राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याच्या, साइटवर सापडेल, मी पुन्हा लिहीत नाही.

गाडी सुरू करण्याआधी केस उघडा. खड्डे भरलेत का बघा.