पावसाळी कोल्हापुरात मक्याच्या कणसाचा पाईप टिकवायचा कसा

मक्याच्या कणसाचा गाभा कोरून केलेला, तंबाखू ओढायचा पाईप वाया जातो तो जास्त तापून किंवा ओला राहून. तापू न देणं ओढणाऱ्याच्या हातात असतं. ओल मात्र इथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतच असते, त्यामुळे कोल्हापुरात पाईप सांभाळायचा म्हणजे मुख्यतः तो कोरडा ठेवायचा.

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, वॉशिंग्टन नावाच्या गावी १८६९ पासून हे पाईप बनतात. त्यासाठी जाड, टणक गाभ्याच्या कणसाचं खास वाण पिकवतात, दाणे काढून कणसं साधारण दोन वर्षं वाळवतात आणि कोरल्यावर बाहेरच्या खाचा प्लास्टर ऑफ पॅरिसने बुजवून घासून घेतात. रंकाळ्यावर भाजून मिळणाऱ्या कणसाचा असा पाईप होत नाही. त्याचा गाभा बारीक आणि आतून भुसभुशीत असतो, त्यामुळे तो लवकर जळून भोक पडतं.

नवा पाईप हाती आला की बॅटरीच्या उजेडात वाटीच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या खोलगट भागाच्या, तळाशी बघा. स्वस्त पाईपांत धूर बाहेर नेणाऱ्या लाकडी दांडीचं टोक वाटीच्या आत थोडं पुढे आलेलं असतं. पहिल्या काही वेळा तेच जळतं आणि जळक्या लाकडाची कडू चव येते. उपाय सोपा आहे. सिगारची बारीक चाळलेली राख थेंब थेंब पाण्यात कालवून पुरणाइतकी घट्ट करा आणि तळाशी, त्या टोकाभोवती बोटाने लिंपा. हवेच्या भोकात आधी पाईप क्लीनर (दोऱ्याची लव असलेली बारीक, लवचीक तार) घालून ठेवा, नाहीतर तेच बुजेल. लेप दोन दिवस वाळू द्या, पावसाळ्यात चार. ओलसर लेपावर विस्तव ठेवला तर तो तडकून सुटतो.

पहिल्या पाच-सहा वेळा वाटी निम्मीच भरा आणि सावकाश, तळापर्यंत ओढा. त्याने आत कार्बनचा पातळ थर धरतो आणि कणीस थेट जाळापासून वाचतं. हा थर एक मिलिमीटरच्या आसपास असला की पुरे. जाड होऊ लागला तर टिश्यू पेपरची गुंडाळी आत फिरवून काढा. चाकू लावू नका, कणीस मऊ असतं आणि थराबरोबर तेही खरवडून निघतं.

तंबाखू कोणती, हाही टिकाऊपणाचाच प्रश्न आहे. निपाणीकडची विडीची तंबाखू कोरडी आणि बारीक असते. ती भरभर पेटते, वाटी तापवते आणि डोक्यालाही चढते. पाईपसाठी जाडसर कापलेली तंबाखू घ्या. पण डब्यातून काढून लगेच भरू नका, कागदावर १५-२० मिनिटं पसरा. पावसाळी हवेत अर्धा तासही लागतो. चिमटीत दाबून सोडल्यावर ती गोळा होऊन न राहता मोकळी झाली पाहिजे. ओली तंबाखू पुन्हा पुन्हा विझते, माणूस जोरात ओढतो, वाफ होते आणि ते पाणी तळात मुरतं. पाईप तळातून जाऊ शकतो तो यामुळे. भरताना खाली सैल, वर थोडी दाबून भरा. जेट लायटर वापरू नका, त्याने काठ करपतो. काडी पुरे, फक्त तिचं गूल जळून गेल्यावर ज्योत जवळ न्या. मध्येच वाटी हाताने धरून बघा. धरवत नसेल तर पाईप खाली ठेवा, थंड झाल्यावर पुन्हा पेटवता येतो. (कणसाचा पाईप म्हणून धूर कमी घातक होत नाही. छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका राहतोच.)

ओढून झाल्यावर पाईप गार होऊ द्या. गरम असताना माउथपीस (दांडीत बसणारा, तोंडात धरायचा भाग) उपसला तर दांडीचं भोक सैल पडतं. मग राख आणि तळाची ओली तंबाखू झाडून टाका, माउथपीसमधून आणि दांडीतून पाईप क्लीनर फिरवा. आत कागदी फिल्टर असेल तर काढून टाका. भिजलेला फिल्टर तसाच राहिला की दांडी आतून कुजट वास मारते. पाईप नळाखाली धुऊ नका. पाण्याने कणीस फुगतं आणि दांडीचा गोंद सुटतो. माउथपीस तेवढा सुटा करून कोमट पाण्याने धुता येतो.

एकदा ओढल्यावर २४ तास विश्रांती द्या, जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीन दिवस. रोज ओढायचा असेल तर दोन-तीन पाईप आलटून पालटून वापरावेत. ते महाग नसतात. वाळवायला पंख्याखाली, वाटी उपडी करून ठेवा. गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवल्यास कणीस आणि प्लास्टर सारखं आकसत नाहीत आणि चिरा पडतात. पूर्ण वाळल्यावरच डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी टाका. दमट कपाटातल्या बंद पिशवीत आठवड्याभरात बुरशी येऊ शकते. बाहेरून आलेली पांढरी बुरशी पुसून, वाळवून भागतं. वाटीत किंवा दांडीत आली असेल तर पाईप टाकून द्या, ती धुराबरोबर तोंडात जाते.

पावसात लाकूड फुगून माउथपीस अडकत असेल तर त्याच्या आत जाणाऱ्या टोकावर शिसपेन्सिल घासा. उन्हाळ्यात तोच सैल झाला तर टोकाभोवती पातळ कागदाचा एक वेढा पुरतो. दांडीच वाटीतून हलत असेल तर बाहेरच्या सांध्यात लाकडाचा पांढरा गोंद बारीक काडीने भरा. वाटीच्या आत तो उतरू देऊ नका.

बाहेरून एकाच जागी तपकिरी डाग दिसू लागला आणि तिथेच चटका बसू लागला, तर आतली भिंत पातळ झाली आहे असं समजा. डाग फिकट असताना आतून राखेचा लेप दिला तर पाईप आणखी काही काळ चालतो. डाग काळा पडून बोटाने दबत असेल तर तो वापरू नका, विस्तव तिथून थेट कपड्यांवर पडतो. त्याचा माउथपीस मात्र ठेवून द्या, त्याच मापाच्या दुसऱ्या पाईपला बसतो.