आर्क्टिकमधली दगडी हत्यारे अभ्यासताना या चुका टाळा

अलास्कातल्या केप डेन्बीजवळ पुरातत्त्वज्ञ लुई गिडिंग्ज यांना 1948 पासूनच्या उत्खननात नखाएवढी, अतिशय सुबक हत्यारे सापडली. आपल्याकडची सूक्ष्मास्त्रे पाहून तयार झालेली नजर अशी पाती दिसताच ‘मध्याश्मयुग’ म्हणून मोकळी होते. पण ही आर्क्टिक लघुहत्यार परंपरा जेमतेम साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीची. म्हणजे सिंधूकाठी नगरे वसत होती त्या सुमाराची. उलट सायबेरियात याना नदीकाठी, 71 अंश उत्तरेला, 30 हजार वर्षांपूर्वीही माणूस राहत होता. हत्याराच्या आकारावरून वय सांगू नका.

मग कार्बन-14 आहेच, असे वाटेल. सर्वांत जास्त लोक फसतात ते तिथेच. सील, वॉलरस यांच्या शरीरातला कार्बन समुद्रातून येतो आणि समुद्रातला कार्बन मुळातच जुना असतो. त्यामुळे त्यांची हाडे खऱ्या वयापेक्षा चार-पाचशे वर्षे, कधी त्याहूनही जुनी भासतात. सील खाऊन जगलेल्या माणसाच्या हाडांचीही तीच गत. चुलीतला कोळसा तरी निर्धोक असावा ना? तोही नाही. वृक्षहीन किनाऱ्यावर जळण म्हणजे बहुधा सायबेरिया आणि उत्तर अमेरिकेतल्या नद्यांनी समुद्रात लोटलेले ओंडके. थंडीत ते कुजत नाहीत. शेकडो वर्षे किनाऱ्यावर पडलेला ओंडकाही चुलीत जाऊ शकतो. त्यात सीलची चरबी मुरली असेल, तर विचारायलाच नको. शक्य तिथे कॅरिबू किंवा मस्कऑक्स या जमिनीवर चरणाऱ्या प्राण्यांचे हाड, नाहीतर तिथल्याच खुरट्या विलोच्या काटक्या निवडा. जुन्या अहवालातली तारीख वापरण्याआधी नमुना कशाचा होता ते तपासा. ते लिहिलेले नसेल तर ती तारीख मी बाजूलाच ठेवतो.

किनाऱ्याच्या उंचीचेही तसेच. बर्फाचे ओझे उतरल्यावर जमीन वर उचलली जाते, म्हणून कॅनडातल्या इग्लूलिक इथे प्री-डोर्सेट या आधीच्या संस्कृतीच्या वस्त्या वरच्या पुळणींवर आणि डोर्सेट या नंतरच्या संस्कृतीच्या वस्त्या खाली आहेत. हा हिशेब नैऋत्य ग्रीनलंडला लावला की घोटाळा झालाच; तिथे अलीकडच्या काही हजार वर्षांत जमीन खचली आहे. शिवाय पुळण फक्त कमाल वय सांगते. वरच्या पुळणीवर नंतरच्या लोकांनी तंबू ठोकायला कोणाची मनाई होती?

खणताना थरांवर आंधळा विश्वास नको. गोठण्या-वितळण्याने माती घुसळली जाते, उतारावर सरकते. हिमाने फुटलेला दगडही छिलक्यासारखा दिसतो. माणसाने ठोकून काढलेल्या छिलक्यावर दिसणारा आघाताचा फुगवटा शोधा. चाळणी बारीक हवी. ब्युरिन या कोरण्याच्या हत्याराला धार लावताना निघालेल्या इवल्याशा कपच्या कचरा वाटतात, पण त्यांनाच टोक काढून वापरल्याचे गिडिंग्ज यांनी दाखवून दिले होते.

शेवटची चूक म्हणजे हत्यार बदलले की माणसे बदलली, असे धरून चालणे. पश्चिम ग्रीनलंडमधल्या केकर्तासुस्सुक इथे सापडलेल्या, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या केसांतून साक्काक या प्राचीन संस्कृतीतल्या माणसाचा जीनोम (संपूर्ण जनुकीय आराखडा) 2010 मध्ये वाचला गेला. तो आर्क्टिकमधल्या आजच्या इनुइट लोकांचा थेट पूर्वज नव्हता. त्याचे जवळचे नाते ईशान्य सायबेरियातल्या लोकांशी निघाले. 2014 च्या अभ्यासात तर साक्काक, प्री-डोर्सेट आणि डोर्सेट ही हत्यारांवरून वेगळी मानलेली नावे एकाच वंशाची ठरली. खरा खंड पडला तो इनुइटांचे पूर्वज असलेले थूले लोक अलास्कातून पूर्वेकडे आले तेव्हा.