बोक्याला मधुमेह झालाय? खाणं, सुई आणि वही कशी सांभाळावी

आमच्या गुंड्याचं निदान आधी मुंग्यांनी केलं. बाथरूमच्या ज्या कोपऱ्यात तो शू करायचा, तिथे मुंग्यांची रांग लागायला लागली. पाण्याचं भांडं दिवसातून तीनदा भरावं लागे, खाणं वाढलं होतं, आणि तरी साडेसहा किलोचा बोका महिन्याभरात उचलताना हलका लागायला लागला. पुढे तर मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालायला लागला. आम्हाला वाटलं, वय झालं. खरं तर वाढलेल्या साखरेचा नसांवर होणारा तो परिणाम होता.

मध्यमवयीन, जाडजूड, नसबंदी झालेला आणि फ्लॅटबाहेर कधीच न पडणारा बोका हा या आजाराचा आवडता गिऱ्हाईक. खाजेसाठी किंवा तोंडातल्या जखमांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतलेल्या मांजरांनाही तो होतो. त्याची रोजची काळजी कशी घ्यायची ते खाली क्रमाने लिहितो. सुई टोचणं मी दोन दिवसांत शिकलो. घरातल्या माणसांना शिस्त लावायला दोन महिने लागले.

१. आधी खात्री करून घ्या

दवाखान्यात नेलेल्या मांजराची शुगर नुसत्या भीतीनेच वाढते. त्यामुळे तिथल्या एका आकड्यावर इन्सुलिन सुरू करायचं नसतं. लघवीत साखर आहे का ते बघतात, शिवाय फ्रुक्टोसामाइन नावाची रक्ततपासणी करतात. मागच्या दोन-तीन आठवड्यांत शुगर सरासरी किती होती ते तिच्यातून कळतं. जाण्याआधी घरी एक काम करा. भांड्यात मोजून पाणी ओता आणि चोवीस तासांनी किती उरलं ते बघा. वजनाच्या दर किलोमागे १०० मिलीपेक्षा जास्त पाणी पीत असेल तर ते नक्कीच जास्त आहे. हा आकडा डॉक्टरांना फार उपयोगी पडतो.

आणि हो, घरात बाबांच्या शुगरच्या गोळ्या असतील तर त्यांना हात लावू नका. मेटफॉर्मिनचा मांजरांना काही फायदा होत नाही. अमेरिकेत २०२२ आणि २०२३ मध्ये मांजरांसाठी खास तोंडावाटे द्यायची दोन औषधं मंजूर झाली, पण तीसुद्धा निवडक मांजरांनाच आणि कडक देखरेखीखाली देतात. माणसांची गोळी अर्धी करून देणं म्हणजे तो उपचार नव्हे.

२. ताटली बदला, पण एका दिवसात नाही

मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. त्याचं शरीर प्रथिनं आणि चरबीवर चालतं, पिठूळ पदार्थ त्याला लागतच नाहीत. आपल्याकडे मात्र मांजर म्हटलं की दूध-पोळी, मासे-भात, दही-भात. वर दिवसभर भरून ठेवलेली सुक्या खाण्याची वाटी. मधुमेही मांजरासाठी यातलं सगळंच बंद.

बाजारातलं खाणं निवडताना पाकिटावरचं मांजराचं चित्र बघू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. कर्बोदकांचा आकडा बहुधा छापलेला नसतो, तो काढावा लागतो. प्रथिनं, चरबी, तंतू, राख (म्हणजे खनिजं) आणि ओलावा यांची बेरीज १०० मधून वजा करा. समजा एका ओल्या पाऊचवर प्रथिनं ११, चरबी ५, तंतू १, राख २ आणि ओलावा ७९ लिहिलंय. बेरीज ९८, म्हणजे कर्बोदकं २. आता कॅलरी: प्रथिनांना ३.५ ने, चरबीला ८.५ ने आणि कर्बोदकांना ३.५ ने गुणा. ३८.५ अधिक ४२.५ अधिक ७, म्हणजे १०० ग्रॅममध्ये ८८ कॅलरी. त्यातल्या कर्बोदकांच्या ७, म्हणजे ८ टक्के. हे चालेल. साधारण १० ते १२ टक्क्यांच्या आत राहायचं असतं.

हाच हिशोब एखाद्या सुक्या खाण्याचा करून बघा. प्रथिनं ३२, चरबी १२, तंतू ४, राख ८, ओलावा १०. कर्बोदकं उरली ३४, आणि कॅलरींतला त्यांचा वाटा ३६ टक्के! ओल्या खाण्यातही दाट रस्सेवाल्या पाऊचमध्ये पिठाचा अंश जास्त असतो. त्यापेक्षा गुळगुळीत लगद्यासारखं येतं ते बरं.

किती द्यायचं? ज्याचं योग्य वजन ५ किलो असायला हवं, त्या घरबशा बोक्याला दिवसाला साधारण २३० कॅलरी. वरच्या हिशोबाने ८५ ग्रॅमचे तीन पाऊच झाले. नक्की आकडा डॉक्टर ठरवतील. जाड्याला बारीक करायचं असेल तर आठवड्याला वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास घट पुरे. उपाशी ठेवून वजन उतरवायचा विचारही करू नका. मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं.

घरी शिजवून घालायची हौस अनेकांना असते, मलाही होती. पण नुसतं उकडलेलं चिकन हा पूर्ण आहार नाही. त्यात कॅल्शियम अपुरं असतं, आणि मांजराला लागणारं टॉरिन हे पोषकद्रव्य उकळताना पाण्यात उतरतं. वरखाऊ म्हणून बिनमिठाचे, हाडं काढलेले दोन-चार तुकडे द्यायला हरकत नाही. कांदा-लसूण मात्र अजिबात नको, ते मांजराला विषारी आहेत. रस्श्यातला तुकडा धुऊन दिला तरी चालत नाही. सुकट आणि खारवलेल्या बांगड्यात मीठ फार असतं.

एक धोका ठळकपणे सांगतो. इन्सुलिन चालू असताना खाण्यातली कर्बोदकं कमी केली की इन्सुलिनची गरजही कमी होते, कधीकधी झपाट्याने. म्हणून खाणं सात ते दहा दिवसांत हळूहळू बदला, आणि बदलायच्या आधी डॉक्टरांना सांगा. चांगल्या मनाने परस्पर केलेल्या अशा बदलातून शुगर धोकादायक खाली जाते.

३. सुई: टोपणाचा रंग बघितल्याशिवाय भरू नका

आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं: एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १०० युनिट. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या. लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. मांजरांना बऱ्याचदा दिलं जाणारं ग्लार्जिन १०० चं असतं, तर जनावरांसाठी बनवलेली काही इन्सुलिनं ४० ची. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १ च्या खुणेपर्यंत भरलंत, तर बोक्याच्या अंगात अडीच युनिट गेलं. साधारण १ युनिटपासून सुरुवात होणाऱ्या जिवाला ही चूक महागात पडते. मेडिकलवाल्याने ‘सगळ्या सारख्याच असतात’ म्हटलं तरी ऐकू नका. अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली ०.३ मिलीची छोटी सिरिंज मागा.

मात्रा साधारण बारा तासांच्या अंतराने दिवसातून दोनदा असते. आमची वेळ सकाळी सात आणि संध्याकाळी सात. वेळ अशी निवडा की जी रविवारीही पाळता येईल.

आधी जेवण पुढे ठेवायचं. तो खायला लागला की कुशीजवळची सैल कातडी चिमटीत धरून तंबूसारखी वर उचलायची, सुई तंबूच्या तळाशी सरकवायची आणि दट्ट्या दाबायचा. मानेचा पट्टा सोपा वाटतो, पण तिथे रक्तपुरवठा कमी असतो. कुशी, मांडीची बाजू अशी जागा रोज बदला. नंतर केसांवर बोट फिरवा. ओलं लागलं तर औषध बाहेर सांडलंय. अशा वेळी पुन्हा टोचायचं नाही. किती आत गेलं हे कळायला मार्ग नसतो, म्हणून पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. एखादी मात्रा राहून गेली तरी पुढची दुप्पट करायची नाही. आणि तो जेवलाच नाही, तर नेहमीची मात्रा न देता आधी डॉक्टरांना फोन करा.

हात बसायला मी एका मोसंब्यावर साध्या पाण्याने सराव केला होता.

इन्सुलिनची बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा. बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको, सारखं उघडणाऱ्या दारातही नको. गोठलेलं किंवा उन्हात तापलेलं इन्सुलिन सरळ टाकून द्यायचं, दिसायला कितीही स्वच्छ असो. बाटली घुसळू नका. गढूळ प्रकार असेल तर तळहातांत हलक्या हाताने फिरवायचा की कसं, ते आधी विचारून घ्या. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवून दवाखान्यात द्या. घंटागाडीवरच्या ताईंच्या हाताला त्या टोचतात.

४. घरी शुगर तपासा, वही ठेवा

कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते. कोमट पाण्यात पिळलेला कापूस कानाला अर्धा मिनिट लावा, मागे कापसाचा बोळा धरा आणि टोचा. थेंब मिळतो. पहिले चार दिवस मिळत नाही, मग मिळायला लागतो. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराची शुगर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. म्हणून कोणतं यंत्र वापरताय ते डॉक्टरांना सांगा आणि मधेच बदलू नका. माणसांसाठीचा, कातडीवर चिकटवायचा सेन्सर मांजरांनाही लावतात. तो साधारण दोन आठवडे चालतो, अर्थात बोक्याने आधी ओरबाडला नाही तर.

सुरुवातीच्या दिवसांत सुईआधीची शुगर २०० च्या खाली दिसली, तर टोचण्याआधी फोन करा. साखर साधारण २५० च्या वर गेली की लघवीत उतरते, त्यामुळे पाणी आणि शू यांवरूनही बराच अंदाज येतो. वहीत रोज पाचच गोष्टी लिहा: शुगर, किती खाल्लं, किती युनिट, कोणी टोचलं, शूच्या वाळूत किती गोळे झाले. यातलं ‘कोणी टोचलं’ सगळ्यात महत्त्वाचं. आमच्याकडे एकदा बायकोने सात वाजता सुई दिली आणि सव्वासातला मी सिरिंज भरून उभा! त्या दिवसापासून वही फ्रिजच्या दारालाच टांगली आहे. आधी सही, मग दार.

आईचं चोरून दूध देणंही वहीनेच पकडलं. तीन दिवस आकडे चढलेले पाहून तिनेच कबूल केलं, ‘अरे, दोन चमचेच देते.’ आता तिच्याकडे चिकनच्या तुकड्यांची डबी आहे. लाड करायचे तर त्यातूनच.

५. दोन संकटं ओळखा

शुगर खूप खाली गेली की बोका लटपटतो, थरथरतो, अचानक वखवखल्यासारखा खातो किंवा नुसता शून्यात बघत राहतो. पुढे झटके येतात. शुद्धीवर असेल तर लगेच खायला द्या. गिळता येत नसेल तर हिरड्यांवर मध किंवा साखरेचा दाट पाक चोळा आणि दवाखाना गाठा. झटका चालू असताना तोंडात बोट घालू नका, आणि घशात काही ओतू नका. सावरला तरी पुढची मात्रा विचारल्याशिवाय द्यायची नाही.

दुसरं संकट उलट बाजूचं. खाणं बंद, उलट्या, मलूल पडून राहणं, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास. म्हणजे अंगात कीटोन साचलेत, इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळायला लागलं की तयार होणारी आम्लं. ‘उद्या बघू’ म्हणायची वेळ नाही, रात्री उघडा असणारा दवाखाना आधीच शोधून ठेवा.

६. सणावारांची तयारी

दिवाळीत फटाक्यांनी बोका कपाटामागे दडतो आणि संध्याकाळी जेवत नाही, आणि सुईची वेळ नेमकी तीच. त्या दिवसांत जेवण आणि सुई थोडी आधी घेता येईल का, हे आठवडाभर आधी विचारा. गणपतीला गावी जायचं असेल तर शेजाऱ्यांच्या हाती नुसती किल्ली देऊन भागत नाही. त्यांच्या हातून तुमच्यासमोर निदान चार सुया झालेल्या हव्यात.

दात किडले किंवा लघवीला जंतुसंसर्ग झाला की शुगर आटोक्यात येत नाही, म्हणून मधूनमधून तेही तपासून घ्या.

लवकर उपचार सुरू झाले आणि खाणं सांभाळलं, तर काही मांजरांचं इन्सुलिन पहिल्या काही महिन्यांत सुटतं. गुंड्याचं पाचव्या महिन्यात सुटलं. मात्रा डॉक्टरांनीच उतरवत नेली होती. खाणं मात्र तेच चालू आहे, आणि आठवड्यातून एकदा कान टोचतो, कारण आजार परत येऊ शकतो. त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलंय: ‘मधुमेह होता. स्टेरॉइड देण्याआधी विचारा.’