कॉक्लिअर इम्प्लांटनंतर मूल बोलत नाही? आधी या चुका टाळा

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे ऐकू न येणाऱ्या मुलाच्या कानात ऑपरेशन करून बसवलेलं, आवाज श्रवणाच्या नसेपर्यंत पोचवणारं यंत्र. माझ्या लेकाचं हे मशीन पहिल्यांदा चालू झालं तेव्हा तो २ वर्षांचा होता. त्या संध्याकाळी आमच्या लालबागच्या खोलीत सगळे नातेवाईक जमले. जो तो त्याच्यापुढे बसून एकच सांगे, "आई म्हण. आजी म्हण." पोर बावरलं आणि आजीच्या पदरात तोंड खुपसून बसलं. ही आमची पहिली चूक, आणि ती आम्ही पुढे कितीतरी महिने करत राहिलो.

ऑपरेशन झालं म्हणून मूल बोलू लागत नाही. जखम भरली की साधारण २ ते ४ आठवड्यांनी बाहेरचा प्रोसेसर, म्हणजे आवाज टिपून आतल्या यंत्राकडे पाठवणारं मशीन, लावून चालू करतात आणि ऐकणं तिथून सुरू होतं. कान शाबूत असलेलं बाळसुद्धा वर्षभर ऐकतं, तेव्हा कुठे पहिला शब्द काढतं. म्हणून ऐकण्याचं वय मशीन चालू झाल्या दिवसापासून मोजायचं. माझा मुलगा अडीच वर्षांचा झाला तेव्हा या हिशेबाने तो जेमतेम ६ महिन्यांचा होता. थेरपिस्टनी हे कागदावर मांडून दाखवलं आणि आमच्या घरातलं "म्हण, म्हण" बंद झालं.

"हे काय? ते काय?" अशी परीक्षाही घेऊ नका. कुकरची शिट्टी झाली की कानाला बोट लावून "ऐकलंस? शिट्टी वाजली!" म्हणा आणि मग कुकर दाखवा. आधी आवाज, नंतर वस्तू. पुढची गोष्ट मला सगळ्यांत जड गेली: बोलून झालं की गप्प बसायचं, मनातल्या मनात ५ आकडे मोजेपर्यंत. त्याने नुसतं "ऊं" केलं तरी ते त्याचं उत्तर असतं. आपण मध्येच बोललो की त्याची पाळी हुकते.

दुसरी चूक मशीन काढून ठेवण्याची. लोकलच्या गर्दीत पडेल म्हणून काढलं, बागेत हरवेल म्हणून काढलं, रडला म्हणून काढलं. मॅपिंगच्या, म्हणजे मशीनची पातळी मुलाला जुळवून घेण्याच्या वेळी ऑडिओलॉजिस्टनी (श्रवणतज्ज्ञांनी) प्रोसेसरमधली वापराची नोंद उघडली. दिवसाला सरासरी ५ तास! मी शपथेवर दिवसभर म्हणाले असते. झोप आणि अंघोळ सोडली तर मशीन डोक्यावर हवं. कपड्याला अडकवायची क्लिप आणि दोरी मिळते, ती लावा.

तिसरी चूक मुलाला हट्टी ठरवण्याची. एका जुलैत तो हाकेला ओ देईना आणि आम्ही त्याच्यावर रागावलो. दोष माइकमध्ये शिरलेल्या दमटपणाचा होता. तेव्हापासून रोज सकाळी तोंड झाकून, नेहमीच्या आवाजात सहा ध्वनी म्हणते: आ, ई, ऊ, म, श, स. बोलण्यातले जाड-बारीक सूर यांत येतात. मध्ये थांबायचा वेळ सारखा ठेवू नका, नाहीतर मूल अंदाजाने मान वळवतं. कालपर्यंत ऐकू येणारा "स" आज चुकला तर आधी बॅटरी बदला. मग कॉइल, म्हणजे डोक्याला मॅग्नेटने चिकटणारी चकती, नीट चिकटली आहे का बघा, केबल बदलून बघा, माइकचं कव्हर बदला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे दोष कुठे होता ते कळतं. मुंबईच्या पावसाळ्यात मशीन रोज रात्री ड्राय बॉक्समध्ये, म्हणजे दमटपणा काढून टाकणाऱ्या डबीत, ठेवायलाच हवं. एवढं करूनही फरक पडला नाही तर त्याच दिवशी ऑडिओलॉजिस्टना फोन करा. मॅग्नेटखालची कातडी लाल झाली किंवा सुजली तर डॉक्टरांना दाखवायला थांबू नका.

टीव्ही बंद ठेवा आणि हातभर अंतरावरून बोला. दुसऱ्या खोलीतून मारलेली हाक सुरुवातीला त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

पुढे शाळा इंग्रजी, म्हणून घरातही इंग्रजीच बोला, असा सल्ला आम्हाला मिळाला होता. मी तो मानला नाही. माझं इंग्रजी अडखळतं, मराठीत मात्र मी त्याच्याशी दिवसभर गप्पा मारू शकते, रागावू शकते, लाड करू शकते. तुम्हाला जी भाषा सहज येते ती बोला.

इम्प्लांट करायचं की नाही हे ज्यांचं अजून ठरत नाही त्यांना हात जोडून सांगते, "याचे बाबाही उशिराच बोलले होते" म्हणून थांबू नका. केंद्र सरकारच्या एडिप (दिव्यांगांना साधनांसाठी मदत देणाऱ्या) योजनेतून जन्मतः बहिऱ्या मुलांना इम्प्लांटसाठी मदत मिळते, पण ५ वर्षांच्या वयापर्यंतच. वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग या श्रवणदोषांवर काम करणाऱ्या संस्थेत त्याची चौकशी करता येते. जाताना आतापर्यंतचे श्रवण चाचण्यांचे सगळे कागद सोबत न्या.